‘वार्षिक’ का फुटतं तेवढंच सांग, बाकी काप

पत्र असं आहे (थोडं कापून देतोय):

“काका, मी डिचोलीची, वय 24, बी.कॉम. झालंय. बाबांचा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका, देवळातल्या उत्सवांच्या पत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं असली कामं. कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षांच्या फाइली आहेत पण सगळ्या जुन्या फॉन्टात, आणि आता गिऱ्हाईक म्हणतं व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवा, तिथे तो फॉन्ट टाकला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पुन्हा टाइप करून करून वैतागले म्हणून व्हिडिओ बघत पायथन शिकले आणि जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवरही वाचता येतं त्या अक्षरपद्धतीत, नेणारा प्रोग्राम लिहिला. चालतोय. मावसभाऊ बेंगळुरूला असतो, तो म्हणतो इथे फ्री सॉफ्टवेअरवाल्यांची (आपला कोड सगळ्यांना खुला ठेवतात ते) कॉन्फरन्स असते तिथे टॉक दे, प्रपोजल टाकायला तीन आठवडे आहेत. ड्राफ्ट जोडलाय. पण मी इंजिनिअर नाही, मला घेतील का? इंग्रजी तोडकंमोडकं आहे, चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ का? डेमो स्टेजवर अडकला तर? उत्तर न येणारा प्रश्न विचारला तर? आमच्या गावच्या नाटकात मी कायम आत प्रॉम्प्टिंगला, स्टेजवर कधी गेलेच नाही. आणि हसू नका, पण घालू काय? नाव छापू नका.”

बाय, ड्राफ्ट वाचला. मी अशा कॉन्फरन्सांसाठी आलेली प्रपोजलं वाचायचं काम अधूनमधून करतो, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगतो, आहे तसा टाकलास तर बहुतेक घेतला जाणार नाही. त्याचं कारण तुझं इंग्रजी नव्हे आणि डिग्री तर नव्हेच नव्हे. शीर्षक दिलंयस ‘युनिकोड आणि भारतीय भाषा: एक परिचय’, आणि खाली युनिकोडचा इतिहास, फॉन्टचे प्रकार, पायथनची ओळख, माझा प्रोग्राम, अडचणी, भविष्यातल्या दिशा. हा कॉलेजचा सिलॅबस झाला गो, अर्ध्या तासात कोण शिकवणार आणि कोण शिकणार, आणि मुख्य म्हणजे युनिकोडचा इतिहास सांगायला तूच कशाला पाहिजे, तो कुणीही सांगेल. पण त्याच ड्राफ्टात ‘अडचणी’ मध्ये सगळ्यात खाली एक ओळ टाकून दिलीयस, की ‘वार्षिक हा शब्द सगळ्यात जास्त छळतो, आधी वािषर्क असा यायचा’. ती ओळ वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. तुझा टॉक तिथे आहे. बाकी काप.

इतर वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण हे न कळता पुढचं कळणार नाही. जुने डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचे, फॉन्ट डोळ्याला दिसतं त्या क्रमाने चालायचे. म्हणजे ‘दि’ लिहायचं तर आधी पहिली वेलांटी टाइप करायची आणि मग द, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. रफार उलट, अक्षर आधी आणि रफार नंतर, कारण तो वर शेवटी बसतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, आधी द मग वेलांटी, आणि रफाराचा र आधी मग ज्याच्यावर तो बसतो ते अक्षर. वेलांटी परत डावीकडे नेऊन दाखवायचं काम स्क्रीनवर वेगळं सॉफ्टवेअर करतं, फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस सगळीकडे ते काम हार्फबझ नावाची फ्री सॉफ्टवेअर लायब्ररी करते. त्यामुळे नुसतं ‘ह्या कीच्या जागी हे अक्षर’ असं फाइंड-रिप्लेस करून भागत नाही. अक्षरं बदलायचीच, पण जागाही बदलायच्या.

आता ‘वार्षिक’ बघा. जुन्या फॉन्टात क्रम असा: व, काना, वेलांटी, ष, रफार, क. युनिकोडमध्ये पाहिजे: व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क. म्हणजे वेलांटीने ष ओलांडून उजवीकडे यायचं आणि रफाराने त्याच ष ला ओलांडून डावीकडे जायचं, दोघांनी एकमेकांना क्रॉस करायचं. आधी कोणाला हलवायचं आणि अक्षर नक्की कुठे संपतं ते प्रोग्रामला कळलं नाही की झालं वािषर्क. सरकारी पीडीएफमधून मराठी कॉपी करून पेस्ट केलेल्या प्रत्येकाने हा प्राणी पाहिलेला आहे. आणि जोडाक्षर आलं की अजून मजा, ‘उपस्थिती’ मध्ये वेलांटी एक अक्षर ओलांडून थांबली तर चुकलं, अर्धा स आणि थ असं अख्खं स्थ ओलांडून जायला पाहिजे. आता देवळाच्या उत्सवाची कुठलीही पत्रिका काढा, वर ‘वार्षिक उत्सव’ आणि खाली ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’. म्हणजे तुमच्या छापखान्यातल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर हे दोन्ही सापळे लावून ठेवलेले आहेत, मुद्दाम टेस्ट लिहायला बसलं असतं तरी इतकी चांगली जमली नसती.

तर इंजिनिअर नाही म्हणून घेतील का, ह्याचं उत्तर ह्यातच आलं. इंजिनिअर लोकांची प्रपोजलं ढिगाने येतात. वीस-पंचवीस वर्षांच्या खऱ्या पत्रिकांच्या फाइली ज्याच्याकडे पडून आहेत आणि ज्याने रोजच्या गिऱ्हाइकाच्या तगाद्याखाली हे सोडवलंय असा माणूस क्वचित येतो. फॉर्मात डिग्री विचारत नाहीत, ‘तुमच्याबद्दल’ असा एक रकाना असतो, त्यात पहिल्या वाक्यात छापखाना लिही. तू तो ड्राफ्टात लपवलायस, ‘फॅमिली बिझनेस’ म्हणून. कशाला? बी.कॉम. लिहायचं तर लिही, नाही लिहिलंस तरी कोणी विचारणार नाही.

आणि ‘तिथे मराठी कोणाला कळतंय’ अशीही भीती असेल ना, तर ती उलटी आहे. बेंगळुरूच्या हॉलमध्ये कन्नड, तमिळ, मल्याळी, बंगाली सगळे बसलेले असणार. तमिळ आणि मल्याळममध्ये ए-काराचं चिन्ह अक्षराच्या डावीकडे येतं, बंगालीत तर वेलांटीही डावीकडे आणि ए-कारही. कन्नडमध्ये र्क लिहिताना रफाराचं चिन्ह अक्षरानंतर उजवीकडे काढतात पण युनिकोडमध्ये र आधीच असतो. आणि ह्या सगळ्या भाषांत जुन्या फॉन्टांचा असाच पसारा आहे, कन्नडवाल्यांना नुडी (त्यांचं जुन्या फॉन्टांचं सॉफ्टवेअर) म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. म्हणजे तू डिचोलीची गोष्ट सांगशील आणि हॉलमधला प्रत्येकजण स्वतःच्या भाषेची फाइल आठवेल. मात्र हे प्रपोजलमध्ये एका वाक्यात लिहावं लागतं, कमिटीतल्या माणसाने ते आपणहून ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नकोस, तो रात्री जेवून झाल्यावर एकामागून एक प्रपोजलं वाचतोय आणि अर्धा झोपेत आहे.

आता फॉर्म. आजकाल बऱ्याच कॉन्फरन्सा प्रीटॅल्क्स नावाचं सॉफ्टवेअर वापरतात (तेही फ्री सॉफ्टवेअरच), ब्रसेल्सची ती मोठी फॉसडेम कॉन्फरन्ससुद्धा आता त्याच्यावर आहे. कुठलाही फॉर्म असो, रकाने साधारण तेच: शीर्षक, थोडक्यात सारांश, सविस्तर वर्णन, टॉक कोणासाठी आहे, किती मिनिटांचा, आणि आयोजकांसाठी टीप. सारांश आणि वर्णन लोकांसाठी असतं, तेच पुढे कार्यक्रमपत्रिकेत छापून येतं. टीप फक्त कमिटी वाचते. लोक हिला रिकामी सोडतात आणि मला ते कधी कळलेलं नाही, कारण कमिटीला जे पटवायचं ते सगळं इथे लिहिता येतं: कोड कुठे ठेवलाय, टॉक मिनिटामिनिटाने कसा जाईल, आधी कुठे बोललीयस का (नाही, तर ‘पहिल्यांदाच’ असं लिही, बऱ्याच ठिकाणी पहिलटकरांसाठी मुद्दाम जागा ठेवतात, मदतीला माणूस पण देतात). काही ठिकाणी पहिल्या फेरीत नाव झाकून वाचतात, तेव्हा सारांशात स्वतःचं नाव टाकू नकोस, ते नावाच्या रकान्यातच राहू दे.

सारांश कसा असावा ते सांगतो, हे मराठीत देतोय, तू तुझ्या साध्या इंग्रजीत कर:

‘जुन्या डीटीपी फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये नेला की वार्षिक ह्या शब्दाचा वािषर्क होतो. तीन अक्षरांचा शब्द, पण आत सात कोड आणि त्यातल्या दोन खुणा एकमेकांना ओलांडून जातात. गोव्यातल्या एका छापखान्याच्या जुन्या फाइली बदलताना मी हा एक शब्द कसा दुरुस्त केला ते पायरीपायरीने दाखवीन. हीच अडचण तमिळ, मल्याळम, बंगाली, कन्नडमध्येही आहे. टॉकनंतर तुमच्या भाषेचा कन्व्हर्टर कुठे फुटेल ते तुम्हाला आधीच सांगता येईल. पायथन थोडं यायला हवं, देवनागरी यायला नको.’

बस. सगळं ह्यात आलं, अडचण काय, तू काय केलंस, ऐकणारा काय घेऊन जाईल, त्याला आधी काय यायला पाहिजे. ‘क्रांतिकारी’ नाही, ‘सखोल’ नाही, ‘भाषा जगवण्यासाठी’ तर मुळीच नाही (तुझ्या ड्राफ्टात दोनदा आहे, दोन्ही काढ). सात कोड हे मी फेकलेलं नाही, पायथनमध्ये शब्दाची लांबी विचार, सातच सांगेल. ती एक ओळ तू स्टेजवर लाइव्ह चालवून दाखव, लोक तिथेच जागे होतात.

वर्णनात मात्र एक गोष्ट विसरू नकोस: असे कन्व्हर्टर आधीपासून आहेत, बरेच आहेत, आणि कमिटीत एक तरी माणूस असतो ज्याला ते सगळे पाठ असतात. त्याने विचारायच्या आधी तूच लिही की हे हे वापरून बघितलं, इथे इथे अडलं म्हणून स्वतःचं लिहिलं. वापरून बघितलं नसशील तर आता बघ, तीन आठवडे आहेत. त्यात कदाचित असं दिसेल की त्यातल्या एकाने तुझ्यापेक्षा चांगलं केलंय, तर तेही सांग, टॉक त्याने पडत नाही, अजून चांगला होतो.

चॅटजीपीटी. स्पेलिंग आणि व्याकरण दुरुस्त करून घ्यायला माझी काही हरकत नाही, पण फॉर्मवर त्याबद्दल काही नियम लिहिलाय का ते आधी वाच. अख्खं लिहून मात्र घेऊ नकोस. कारण असं की ते गुळगुळीत लिहितं आणि गुळगुळीत प्रपोजलं सध्या इतकी येतात की तोडकंमोडकं पण खरं काहीतरी सांगणारं इंग्रजी दिसलं की आम्हाला बरं वाटतं, आणि तुझी ती वािषर्कवाली ओळ ते पहिल्या झटक्याला उडवून टाकेल, ‘रेंडरिंगच्या विविध आव्हानांवर मात’ असलं काहीतरी घालेल. त्यापेक्षा असं कर, फोनवर रेकॉर्डिंग चालू कर आणि मावसभावाला मराठीतून सांगितल्यासारखं पाच मिनिटं बोल, मग ते ऐकत ऐकत छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरव. एका वाक्यात एकच गोष्ट. बोलतानाही हेच, तिथे कोणी राणीच्या दरबारातलं इंग्रजी बोलत नाही, हिंदी मिसळलीस तर कोणी भुवई उडवणार नाही, आणि फार वाटलं तर आयोजकांना आधी विचार.

किती मिनिटांचा टाकायचा? फॉर्मात दोन्ही असतील तर अर्ध्या तासाचा टाक, आणि टीपेत लिही की पाच मिनिटांच्या लाइटनिंग टॉकमध्येही करू शकते. अर्ध्या तासात बोलायला वीस-बावीस मिनिटंच मिळतात, बाकी प्रश्न आणि मागच्या माणसाची वायर निघून तुझी लागेपर्यंतचा गोंधळ. शांतपणे बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, त्या हिशेबाने बघ किती थोडं मावतं ते.

मावायचं काय, तर माझ्या मते असं: उघडताच उत्सवाची पत्रिका दाखव, छापलेली छान आणि शेजारी व्हॉट्सॲपवरची खिचडी. मग साधा फाइंड-रिप्लेस, आलं वािषर्क, लोक हसतील. मग जुना क्रम आणि नवा क्रम एकाखाली एक, बाण काढून. मग आधी फक्त वेलांटी हलव, दाखव काय फुटलं, मग रफार हलव, दाखव काय फुटलं, मग अख्खं अक्षर ओळखायचा नियम आण आणि दोन्ही बसव. शेवटी उपस्थिती. ह्यातच वीस मिनिटं जातात बघ. दर्या आणि दऱ्या मधल्या र चा घोळ, अर्धा श अधिक काना म्हणजे पूर्ण श हा प्रकार, अनुस्वार, ते सगळं शेवटच्या स्लाइडच्या मागे जादा स्लाइड म्हणून ठेवून दे, कोणी विचारलं तर काढायचं. खूप मोह होईल मध्ये घालायचा, मला माहितीये, इतकं केलंय तर सांगायला नको का. नको.

स्लाइडबद्दल एकच गोष्ट खरी महत्त्वाची आहे आणि तुझ्या बाबतीत तर ती हसण्यासारखी आहे: स्लाइड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली, तिथे तुझा फॉन्ट नाही, आणि फॉन्टवरच्या टॉकमध्ये फॉन्टच फुटला. म्हणून पीडीएफ करूनच ने, त्यात फॉन्ट आतच बसतो. जिथे फुटलेलं मुद्दाम दाखवायचंय तिथे तर स्क्रीनशॉटच घाल, कारण वािषर्क वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळं दिसू शकतं, कुठे वेलांटीखाली ठिपक्यांचं वर्तुळ येईल कुठे येणार नाही. अक्षर मोठं ठेव, तीसच्या खाली जाऊ नकोस, कोड एका स्लाइडवर आठ-दहा ओळींच्या वर नको, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं सिनेमात ठीक, उजेड असलेल्या हॉलमध्ये मागच्यांना काही दिसत नाही. पांढऱ्यावर काळं.

आता एक जरा गंभीर. गिऱ्हाइकांच्या पत्रिका दाखवणार आहेस ना, त्यात नावं असतात, फोन नंबर असतात, लग्नाच्या पत्रिकेत तर अख्खं खानदान. टॉक रेकॉर्ड होतात आणि कायमचे नेटवर राहतात. म्हणून खरी पत्रिका नको, तशीच दिसणारी स्वतः बनव, खोटी नावं घालून, फक्त वार्षिक, उपस्थिती आणि प्रार्थनीय खरे. नाटकांच्या संहितांचंही तेच, तुमच्या मशीनवर टाइप केल्या म्हणून त्या तुमच्या होत नाहीत, आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो, तेव्हा चार ओळींच्या डेमोसाठी स्वतःच्या चार ओळी लिही. आणि तो जुना फॉन्ट, तो विकत घेतलेला आहे, त्याची फाइल कोडबरोबर नेटवर ठेवू नकोस. तुझा कोड ठेव, आणि सोबत लायसन्सची फाइल ठेव, एमआयटी म्हण जीपीएल म्हण तुला पटेल ते, लायसन्स नसलेला कोड दिसला तरी कायद्याने कोणी वापरू शकत नाही आणि फ्री सॉफ्टवेअरवाल्यांच्या गर्दीत पहिला प्रश्न तोच येतो.

डेमो अडकला तर? अडकणारच असं धरून चाल. हॉलचं वायफाय नाही असं समज, तुझा प्रोग्राम ऑफलाइन चालतो ही मोठी सोय आहे. टर्मिनलवर जे करणार ते आधी रेकॉर्ड करून ठेव, ॲस्किनेमा नावाचं साधं टूल आहे, किंवा ओबीएसने पडदा रेकॉर्ड कर, आणि तो व्हिडिओ लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर, फोनवर तिन्हीकडे ठेव. स्टेजवर एकदा प्रयत्न कर, नाही चाललं तर ‘हे घ्या रेकॉर्डिंग’ म्हणून पुढे. लोकांना डेमो फसल्याचं काही वाटत नाही, बोलणारा लोकांकडे पाठ फिरवून चार मिनिटं कीबोर्ड बडवत बसला की वाटतं. कमांड टाइप करायच्या नाहीत, एका फाइलीत लिहून ठेव आणि तिथून चालव, हात थरथरत असताना स्पेलिंग येत नाही कोणालाच. नोटिफिकेशन बंद कर. एचडीएमआय लावायचा अडॅप्टर स्वतःचा ने, ‘तिथे असेल’ असं आयोजक म्हणाले तरी ने.

तालमीचं तुला मी काय सांगणार, तू प्रॉम्प्टर आहेस. नाटक बसतं कसं ते तू आतून बघितलंयस, अक्षर न् अक्षर पाठ केलेला नट एक शब्द चुकला की कसा खांबासारखा उभा राहतो आणि ज्याला प्रसंग माहीत आहे तो स्वतःच्या शब्दांत मारून नेतो, आणि प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. टॉक तसाच बसव. पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन घट्ट पाठ, मधलं सगळं प्रसंग म्हणून लक्षात ठेव: पत्रिका, खिचडी, वािषर्क, बाण, वेलांटी, रफार, अख्खं अक्षर, उपस्थिती. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून म्हण. मनात म्हटलेलं धरू नकोस, मनात सगळ्यांचाच टॉक बारा मिनिटांत संपतो. पहिली तालीम बाबांसमोर कर, त्यांना पायथन येत नाही पण वेलांटी आधी मारायची हे त्यांच्या बोटांना पाठ आहे, ते जिथे ‘हे काय?’ म्हणतील तिथे तुझं सांगणं चुकलंय, त्यांचं ऐकणं नाही. दुसरी कोणा अनोळखी पोरांसमोर. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा झुआरीनगरच्या बिट्समध्ये कोणी ओळखीचं असेल तर विचार, मुलांचे क्लब असतात, संध्याकाळी अर्धा तास बोलायला कोणी आलं तर त्यांना हवंच असतं. गोव्यात हे सगळं कोण ऐकतंय असं म्हणू नकोस, नलकॉनसारखी कॉम्प्युटर सिक्युरिटीवाल्यांची कॉन्फरन्स 2010 ला सुरू झाली तीच मुळी गोव्यात.

प्रश्न. समोरचा माइकशिवाय विचारतो, रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, म्हणून आधी प्रश्न तू स्वतः माइकवर परत म्हण. त्यात विचार करायला थोडा वेळ पण मिळतो. दोन प्रश्न नक्की येणार ते आधीच सांगून ठेवतो. एक, ‘हे एआय किंवा ओसीआरने का नाही केलं?’ (ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर.) उत्तर तुझ्याकडे आहे: मजकूर फाइलीत आधीच अक्षरशः बरोबर आहे, फक्त क्रम वेगळा, मग त्याचं चित्र करून परत वाचायला लावून नव्या चुका कशाला घालायच्या, आणि नियमाचा प्रोग्राम आज जे उत्तर देतो तेच उद्या देतो, चुकला तर कुठल्या नियमाने चुकला ते सापडतं. दोन, ‘युनिकोडने दिसतं तसंच का नाही ठेवलं?’ हा खरंच चांगला प्रश्न आहे. देवनागरीचा क्रम इस्की ह्या भारतीय मानकावरून आला, 1988 चं रूप, आणि ते उच्चाराच्या क्रमाने होतं. थाई लिपीत मात्र डावीकडची चिन्हं दिसतात तशी आधीच साठवतात, आणि मग तिथे शब्द अकारविल्हे लावताना क्रम पुन्हा फिरवावा लागतो. म्हणजे कटकट कुठे तरी होणारच, आपण ती स्क्रीनवर ढकलली, त्यांनी सॉर्टिंगवर. एवढं सांगितलंस तर हॉल गप्प बसेल.

बाकी जे येत नाही त्याला ‘माहीत नाही, नंतर बोलू’. आणि एक काका उठतील, ज्यांचा प्रश्न नसतोच, आम्ही 1995 साली काय केलं ते सांगतील (प्रत्येक कॉन्फरन्सला असतात, मी स्वतः आता त्या वयाचा झालोय म्हणून जपून बोलतो). त्यांना हसून ‘बाहेर चहाला भेटू’ म्हण, आणि खरंच भेट, कारण जुन्या फॉन्टांचं जे कुठेच लिहिलेलं नाही ते ह्याच लोकांच्या डोक्यात असतं.

नाही घेतलं तर? होतं. जागा कमी आणि प्रपोजलं जास्त, चांगली पण नाकारली जातात. अभिप्राय देतात का विचार, तोच सारांश पुढच्या ठिकाणी पाठव, आणि तरीही गेलीस तर तिथल्या लाइटनिंग टॉकच्या यादीत सकाळीच नाव लाव, पाच मिनिटांत वार्षिक नक्की बसतं. घेतलं तर प्रवासखर्च मिळतो का ते फॉर्म भरतानाच बघ, पायकॉन इंडियासारख्या पायथनवाल्यांच्या कॉन्फरन्सला अशी मदत असते, डेबियन ह्या फ्री सॉफ्टवेअर सिस्टिमवाल्यांच्या डेबकॉन्फलाही असते (2023 ला कोचीला झाली होती ती), पण मागावी लागते आणि तिची मुदत वेगळी असते. प्रपोजल शेवटच्या रात्री टाकू नकोस, पावसाळ्यात डिचोलीची वीज तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

घालायचं काय, ह्यात हसण्यासारखं काही नाही, सगळ्यात उपयोगाचा प्रश्न हाच आहे. बहुतेक ठिकाणी कॉलरला चिमटा लावायचा माइक देतात आणि त्याची डबी कमरेला किंवा खिशात अडकवावी लागते, तेव्हा पुढून पट्टी असलेला, खिशाचा कुर्ता बघ. लोक टी-शर्टमध्येच असतात, त्यामुळे फार नटायची गरज नाही. बांगड्या टेबलावर लॅपटॉपशी वाजतात, त्या काढ. ओढणी घेतलीस तर पिन लाव, माइकवर घासत राहिली की अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते आणि ती नंतर काढता येत नाही.